शंका विचारावयास गेली आणि शंका घेतली गेली, त्या मोहिमेची हकीकत

श्री. मूल निजले म्हणजे पावते आणि मूल जागे होताच अंतर्धान होते, ऐसी जी विद्यादेवी, तिचे चरणी मस्तक ठेवोन, आणि चुलीवरील दूध तेवढ्यात उतू न जावे इतकेच मागणे मागोन, हे वर्तमान लिहिले. शालिवाहन शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर. ते वर्षी दक्षिणदेशी एक राज्य होते. त्याचे नाव लिहावे तर शेजारील राज्ये रुसतील म्हणोन लिहीत नाही. मुलूख म्हणावा तर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि सामायिक गच्ची. तख्तावर मातोश्री विजयमालाबाई आईसाहेब. यांचा शिक्का स्वयंपाकघरावर आणि टीव्हीच्या रिमोटावर अव्याहत चाले. त्यांचे पुत्र निनादराव नगरपालिकेच्या पाणीखात्यात अभियंते. साऱ्या नगराचे पाणी त्यांचे हुकुमाने सुटे, परंतु तोंडून शब्द सुटणे कठीण, इतके मितभाषी. निनादरावांच्या कन्या रेवाराजे, वय वर्षे अडीच, सारे राज्य ज्यांच्या हसण्यारडण्यावर चालले होते. आणि निनादरावांचे कुटुंब शर्वरीबाई, ज्यांची ही हकीकत. बाईंनी अर्थशास्त्राची एम.ए. पदरी पाडली होती आणि नगरातील महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घ्यावा तेवढ्यापुरते अध्यापक व्हावे आणि घंटा होताच पुन्हा रयत व्हावे, ऐसी चाकरी करीत होत्या. आणि त्यांस एकच ध्यास लागला होता. नगरात योजना यावी, फलक लागावा, नारळ फुटावा, आणि वर्षाने त्या फलकावर कावळे बसावे, आणि कोणी पुसावे की ऐसे का जाहले, तर जो तो म्हणे, "वरून आलं होतं." तेव्हा बाईंच्या मनात आले जे, हे 'वर' म्हणजे एक खोली असणार, खोलीत मेज असणार, मेजाभोवती माणसे असणार, त्या मेजाशी आपणही बसावे, आणि बसावयाचे तर त्या माणसांची विद्या शिकोन बसावे. मग रेवाराजे दुपारच्या निजल्या म्हणजे बाईंनी इंग्रजीची परीक्षा साधली, आणि रेवाराजे कुशीवर वळेपर्यंत अर्ज साधले, आणि एके दिवशी उत्तरेकडील बर्फाच्या राज्यातील विद्यादरबारातून सनद आली की, अर्थशास्त्र आणि लोकनीती, म्हणजे पब्लिक पॉलिसी, या विषयी मास्टरची पदवी, मुदत दोन वर्षे, सर्व शिक्षण इंग्रजीत, वर्षासन दरबारचे, तरी निघोन येणे.

सनद वाचली गेली तेसमयी आईसाहेब पोळ्या लाटीत होत्या. त्या लाटणे पोळपाटावर ठेवोन म्हणाल्या, "पॉलिसी? त्यासाठी परदेशात कशाला जायचं गं? आमच्या भिशीतल्या कुमुदचा भाचा एजंट आहे की. गल्लीतल्या सगळ्यांच्या पॉलिश्या त्यानंच काढल्यात." बाईंनी अर्ज केला, "आई, विम्याची नाही हो. सरकारची पॉलिसी. म्हणजे धोरण." "सरकार विमा काढतंय होय आता?" ऐसे बोलोन आईसाहेबांनी दुसरे दिवशी भिशीत डांगोरा पिटिला की, सूनबाई सरकारच्या पॉलिश्या शिकावयास परदेशी जातात, आणि ते ऐकोन दोघी बायका आपले जुने कागद पिशवीत घालोन दारी आल्या, त्यांस चहा पाजोन आणि समजूत घालोन परत लाविले. थट्टेचा भाग निराळा. संध्याकाळी देवापुढे दिवा लावोन आईसाहेबांनी सुनेस समोर बसविले आणि म्हणाल्या, "पोरीला मी सांभाळीन. गुडघे दुखतात, तरी सांभाळीन. पण एक ऐक माझं. एवढीशी पोर मागं ठेवून जाते आहेस, तर हात हलवत परत यायचं नाही. अर्ध्यावर सोडून आलीस, तर हिनं आईवाचून काढलेले दिवस कुणाच्या नावावर मांडायचे?" हे शब्द बाईंच्या काळजात रुतोन राहिले. निनादराव खिडकीपाशी उभे होते, ते इतकेच म्हणाले, "जा तू. सकाळचं पाणी सोडायची पाळी मी बदलून घेतो. हिची वेणी घालायला शिकतो." मग निज श्रावण वद्य पक्षी मुहूर्त पाहोन स्वारी कूच करती जाहली. विमानतळाच्या दारी रेवाराजे यांनी आपले हातचे अर्धे चावलेले बिस्कीट मातेच्या मुठीत दिले. राजेरजवाडे शेला देतात, दागिना देतात. परंतु ऐसा सन्मान कोणास जाहला नसेल. ते बिस्कीट बाईंनी समुद्रावर कोठेतरी खाल्ले, रडत खाल्ले, आणि विमान उतरले तेव्हा तोंड धुवोन उतरल्या.

त्या राज्याची बोली निराळी. भाजीवाली त्या बोलीत बोले, बसगाडी त्या बोलीत बोले, दाराची कडी देखील त्याच बोलीत कुरकुरे. परंतु विद्यादरबारात इंग्रजीचा अंमल. तेथील मुख्य आचार्य होल्मबर्ग, पांढरी दाढी, स्वारी सायकलीवर, ज्यांचे निबंध मोठमोठे मंत्री वाचीत आणि त्याबरहुकूम योजना चालवीत किंवा बंद करीत. आईसाहेबांचे जिभेस ते नाव पेलेना, म्हणोन त्यांनी त्याचे 'हळबेसर' केले, आणि घरी पुढे तेच चालले. हळबेसरांचा शिरस्ता ऐसा की, दर गुरुवारी सभा भरे, निबंध मध्ये मांडला जाई, आणि ज्याने त्याने त्यावर बोलावे. जो तोंड उघडणार नाही त्यास सभेचे गुण नाहीत. सभेचे गुण नाहीत तर विषय सुटला नाही. विषय सुटला नाही तर वर्षासन खुंटले. आणि वर्षासन खुंटले तर गाठोडे बांधोन आपले मुलखी जावे. शर्वरीबाई लिहिण्यात कोणास हार जाणाऱ्या नव्हत्या. गणितात तर त्यांनी दोन वेळा फळ्यावरील चूक मनात सुधारली. परंतु बोलणे म्हणजे मोठा घाट. त्यांनी आधी वाक्य मराठीत जुळवावे, मग ते इंग्रजीत न्यावे, मग 'अ' लावावा की 'द' लावावा याचा विचार करावा, मग काळ तपासावा, आणि हात उचलावा तो विषय दोन मुक्काम पुढे गेलेला असे. मग हात तसाच नेऊन केस सारखे करावे. ऐसे कित्येक गुरुवार केस सारखे करण्यात गेले. शेजारच्या खोलीत काळ्या समुद्राकाठची तमारा नामे सहाध्यायी राहत होती. ती चुकीचे इंग्रजी इतक्या जोराने बोले की ऐकणारास आपलेच चुकले ऐसे वाटे. ती म्हणे, आणि येथे तिचे बोलणे मराठीत लिहिले आहे, "तू मनातल्या मनात इस्त्री करत बसतेस. चुरगळलेलं बोल ना. अंगावर घातलं की होतं सरळ." बाई म्हणत, "हो, पुढच्या गुरुवारी." आणि गुरुवार येई.

रोज तिसरे प्रहरी, जेव्हा घरी दिवेलागण होई, तेव्हा फोनच्या काचेत रेवाराजे यांचे दर्शन होत असे. आरंभी आरंभी राजे काचेस इतक्या पाप्या घेत की निनादरावांस रुमालाने काच पुसावी लागे. मग पाप्या कमी जाहल्या आणि बाहुली दाखविणे सुरू जाहले. मग बाहुलीही राहिली, आणि राजे "आई" म्हणोन पळोन जात, आणि मागे फिरता पंखा दिसे. बाई त्या पंख्याकडे पाहोन बोलत, "रेवा, आज काय जेवलीस गं?" आणि पंख्यामागोन आईसाहेबांनी सांगावे, "वरणभात खाल्ला हो तिनं. तू जेवलीस का?" आणि बाईंनी "हो" म्हणावे, जेवल्या असोत वा नसोत. एकदा निनादरावांनी काच वेणीकडे धरली. वेणी एका बाजूस गेली होती आणि शेंड्याला निळे रबर होते. "जमतंय आता," ते म्हणाले. बाईंनी ती वेणी डोळे भरोन पाहिली आणि मनाशी गाठ बांधिली जे, आता तोंड न उघडता परत गेलो तर ही वेणी आपणास क्षमा करणार नाही.

कार्तिक सरला, बर्फ पडो लागले, आणि एका गुरुवारी हळबेसरांनी आपला स्वतःचाच निबंध सभेत मांडला. निबंध ऐसा: उष्ण मुलखांतील गावोगावी बायकांसाठी दुपारचे मोफत वर्ग उघडले होते, संगणक शिकावा, हिशेब शिकावा, पायावर उभे राहावे. आधी घरोघर पाहणी केली आणि पुसिले की, काम करता का? ज्या 'नाही' म्हणाल्या त्यांस तिसऱ्या रकान्यात घातले; रकान्याचे नाव 'फावला वेळ असलेल्या'. मग वर्ग उघडले, तो त्या फावल्या वेळेच्या बायका आल्याच नाहीत. यावरोन सिद्धांत निघाला की, बायकांस शिकण्याची इच्छा नाही, सबब वर्ग बंद करावे. शर्वरीबाईंनी तक्ता पाहिला. तिसऱ्या रकान्यास ते नाव कशावरोन दिले हे त्यांस नीट समजले नाही, आणि समजून घ्यावे इतकेच मनात होते, आणि तमाराने मेजाखालोन पायाने डिवचले, आणि बाईंचा हात वर गेला तो या खेपेस केसांकडे न जाता तसाच राहिला, आणि मुखातोन शब्द निघाले, "सर, आय हॅव अ डाउट." आता हे जाणणे की, आमचे मुलखी पहिलीच्या वर्गापासोन पदवीपर्यंत सारी लेकरे हात वर करोन हेच बोलतात. डाउट आहे, म्हणजे शंका आहे, म्हणजे समजले नाही, कृपा करोन पुन्हा सांगावे, याहून अधिक अर्थ त्यात नाही. परंतु साऱ्या सभेने माना वळवोन बाईंकडे पाहिले. हळबेसरांनी खडू खाली ठेविला. "कशाबद्दल?" "तिसरा रकाना, सर." "सगळा निबंध त्या रकान्यावर उभा आहे." "हो सर, म्हणूनच." हे ऐकोन कोणी तरी शीळ घातली. बाईंस वाटले काही तरी बिनसले, म्हणोन त्या घाईने म्हणाल्या, "फक्त बारीकशी शंका आहे, सर." हळबेसर दाढीवरोन हात फिरवीत म्हणाले, "बारीकच वाईट असतात. मोठी शंका कुणी मनावर घेत नाही. पुढच्या गुरुवारी सभेचा पूर्वार्ध तुमचा. घेऊन या तुमची शंका." आणि सायकलीवर बसोन निघोन गेले.

बाहेर येताच तमाराने बाईंस मिठी मारिली. "काय हिंमत गं तुझी! त्याच्या तोंडावर सांगितलंस, तुमचं मला पटत नाही म्हणून!" "मी? मी तर फक्त विचारत होते!" "डाउट म्हणालीस. डाउट म्हणजे प्रश्न नव्हे. डाउट म्हणजे, तुमचा खांब मला पोकळ वाटतो. मला वाटलं, इतके महिने गप्प राहून तू दबा धरला होतास." बाईंच्या पायांखालचे बर्फ सरकले. तिसरे प्रहरी काचेपुढे मसलत बसली. सर्व वर्तमान ऐकोन आईसाहेबांनी कपाळास हात लाविला. "अगं, शंका विचारतात. शंका घेत नाहीत! तीही एवढ्या मोठ्या माणसावर. हळबेसरांची माफी माग आधी." "आई, मी विचारलीच होती. ती घेतली गेली." "मग परत घे!" निनादराव म्हणाले, "दोन ओळींचा मेल टाक. भाषेची चूक झाली म्हण. मिटेल." बाईंनी पुसिले, "आणि सभेचे गुण? आजवर एवढंच एक वाक्य बोलले आहे मी. तेच मागे घेतलं तर माझ्या नावावर काय उरतं?" इतक्यात दारी भिशीतल्या कुमुदबाई अळूच्या वड्यांचे ताट घेऊन आल्या, आणि ताट ठेवोन, रेवाराजे यांचा गालगुच्चा घेऊन, सहज म्हणाल्या, "काय गं ठमाबाई, तुझी आई काय करते?" रेवाराजे वडीकडे पाहात बोलत्या जाहल्या, "काही नाही. फोनमध्ये असते." घर हसले, निनादराव देखील हसले, काचेपलीकडे बाईही हसल्या, आणि हसता हसता एकाएकी थांबल्या. काही नाही, फोनमध्ये असते. हे वाक्य आपण ओळखतो ऐसे त्यांस वाटले. हे वाक्य आपण स्वमुखे बोललो आहो.

रेवाराजे चार महिन्यांच्या असता एके सकाळी गळ्यात ओळखपत्र आणि हाती टॅब घेतलेली एक मुलगी दारी आली होती. तेसमयी बाईंच्या खांद्यावर रेवाराजे ढेकर यावयाच्या बेतात, काखेत महाविद्यालयाच्या तपासावयाच्या उत्तरपत्रिका, आणि एक कान कुकरच्या शिट्ट्यांकडे. मुलीने पुसिले, "ताई, काम करता का काही?" आणि बाई म्हणाल्या, "नाही गं, काही नाही, सध्या घरीच असते." मुलीने बोट टेकविले आणि पुढच्या दारी गेली, आणि बाईंनी कुकर बंद केला. आमचे मुलखी दारात उभे राहोन कोणी काम पुसिले तर ते बाहेरचे, पगाराचे, डबा घेऊन जावयाचे काम, ऐसाच अर्थ होतो. घरचे ते काम नव्हे, ते असतेच. हे आठवले मात्र, बाई तशाच उठोन ग्रंथालयात गेल्या आणि निबंधाची पुरवणी काढोन पाहू लागल्या, तो पाहणीचे वर्ष तेच, आणि गावांच्या यादीत आपले नगर. पुसिलेला प्रश्न मूळ मराठीत छापला होता: 'तुम्ही काम करता का?' बाईंनी तक्ता पुन्हा उघडिला. तिसऱ्या रकान्यात ठिपक्यांची दाटी होती, आणि त्या दाटीत एक ठिपका म्हणजे आपण, खांद्यावर लेकरू आणि काखेत उत्तरपत्रिका घेतलेल्या, फावल्या वेळेच्या. माफीच्या मेलाच्या दोन ओळी लिहोन ठेविल्या होत्या, त्या त्यांनी पुसोन टाकिल्या. मनाशी म्हणाल्या, गेल्या गुरुवारी विचारायची होती. आता घ्यायची आहे.

मग तयारी आरंभिली. वसतिगृहाचे तळघरात कपडे धुवावयाची यंत्रे होती. यंत्र घुमे, पाणी खळबळे, आणि त्या गदारोळात बाई मोठ्याने इंग्रजी बोलत. तमारा यंत्रावर चढोन बसे, लोकरीचा मफलर हनुवटीस लावोन हळबेसर होई, आणि म्हणे, "पटलं नाही. पुन्हा." बाई पुन्हा बोलत. 'अ' आणि 'द' चुकले तर चुकू दिले. वाक्य मध्येच तुटले तर त्यास तिथेच सोडोन दुसरे धरिले. एकदा तेथलाच एक म्हातारा आपले मोजे घेण्यास आला, तो सारे ऐकोन, एक अक्षर न समजता, टाळ्या वाजवोन गेला. तमारा म्हणाली, "बघ, एक सभा जिंकलीस."

गुरुवार उगवला. सभा भरोन गेली. दुसऱ्या विषयांचे लोकही तमाशा पाहावयास आले. बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी पहिलेच वाक्य चुरगळलेले बोलिले: "मागच्या वेळी माझी भाषेची चूक झाली. मला प्रश्न विचारायचा होता. हे प्रामाणिकपणे सांगते. पण आता मला खरंच पटत नाही." लोक हसले, आणि ते हसणे बाईंच्या बाजूचे होते. मग त्यांनी तो मराठी प्रश्न फळ्यावर देवनागरीत लिहिला, त्या दरबारी ती अक्षरे प्रथमच उमटली असतील, आणि अर्थ सांगितला, आणि म्हणाल्या, "तिसऱ्या रकान्यातला एक ठिपका मी आहे," आणि कुकर, लेकरू, उत्तरपत्रिका, सारे सांगितले. हळबेसर ऐकत होते. ऐकोन म्हणाले, "एक ठिपका. एका ठिपक्यासाठी मी बुरूज पाडू?" "नाही, सर. पण तो ठिपका काय करत होता ते तुमच्या कागदात नाही. बाकीचे काय करत होते ते तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही." "बरं. सगळ्याच कामात बुडालेल्या होत्या म्हणता, तर मग ज्या थोड्या वर्गाला आल्या, त्या कशा आल्या?" हा वार मोठा होता आणि धुलाईघरात तमाराने हा केला नव्हता. पूर्वीच्या शर्वरीबाई असत्या तर 'सॉरी सर' म्हणोन बसत्या. बाईंनी टेबलाची कड धरिली आणि म्हणाल्या, "माहीत नाही. पुन्हा विचारावं लागेल." "कसं?" "काम करता का, असं नाही विचारायचं. सकाळी उठल्यापासून काय काय केलंत, ते विचारायचं, आणि त्या सांगतील तसं लिहायचं." तेव्हा मागोन एक जण म्हणाला की, ऐसे दिवसभराचे टिपण घेण्याची रीत पुष्कळांनी आधीच चालविली आहे, यात नवे काय? बाईंचा चेहरा उतरला. हळबेसर हसले, आणि ते हसणे कडू नव्हते. "बरोबर आहे. जी गोष्ट लोकांना आधीच सापडली होती, तीच तुम्हाला सापडली. आपल्या धंद्यात बहुतेक दिवस असेच जातात. पण माझ्या कागदात ती केलेली नाही, हेही तितकंच बरोबर आहे." ऐसे बोलोन त्यांनी कागदावर काही लिहिले, घडी घातली आणि बाईंचे हाती दिली.

कागदावर गुण लिहिले होते, ते विषय सुटण्यापुरते होते, त्याहून एक अधिक नव्हता. खाली लिहिले होते, "शंका चांगली. पुरावा नाही. उन्हाळ्यात घरी जाऊन तो आणा. दुसऱ्या वर्षाचा प्रबंध हाच." बाईंनी तो कागद काचेपुढे धरिला. आईसाहेबांनी चष्मा लावोन पाहिला आणि पुसिले, "काठावर?" "काठावर, आई." "काठावर तर काठावर. नदीतनं बाहेर आलीस ना?" ऐसे म्हणोन त्यांनी देवापुढे साखर ठेविली, आणि गल्लीत सांगितले की सूनबाई हळबेसरांशी भांडली आणि हळबेसरांनी तिला शाबासकी दिली. हे पुरते खरे नव्हे आणि पुरते खोटेही नव्हे. वर्षासन चालू राहिले. जागा राहिली. त्याउपरी गुरुवारी हळबेसर दर खेपेस बाईंकडे भुवई उंचावोन पाहात, आणि बाई बहुतेक खेपेस बोलत, कधी शहाणपणाचे, कधी नाही.

मग शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, वैशाखात स्वारी आपले राज्यी परतली. जिना चढोन दारात उभी राहिली तो रेवाराजे आईसाहेबांच्या पदरामागे दडल्या. बाई खाली बसल्या आणि हात पुढे न करिता नुसत्या बसोन राहिल्या. पुष्कळ वेळाने राजे पदरामागोन निघाल्या, जवळ आल्या, आणि एक बोट पुढे करोन मातेच्या गालास लावोन पाहिले. गाल मऊ लागला, ऊन लागला. मग नाकास लावोन पाहिले. मग वळोन आजीस मोठ्याने खबर दिली, "आई बाहेर आली!" आईसाहेबांनी तोंड फिरविले आणि म्हणाल्या, "चहा टाकते," आणि चहा टाकण्यास गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. निनादरावांनी पेटी आत नेली आणि इतकेच म्हणाले, "वेणी तूच घाल आज." बाईंनी वेणी घातली, आणि ती निनादरावांच्या हातची आताशा होत असे तशी सरळ काही आली नाही, ऐसे रेवाराजे यांनी आरशात पाहोन स्पष्ट सुनावले.

चार दिवस विसावा घेऊन, एके प्रातःकाळी, बाई प्रबंधाच्या मोहिमेवर निघाल्या. कडेवर रेवाराजे, हाती टॅब, त्यात नवे प्रश्न, एकेक शब्द तोलोन मांडलेले. मागच्या गल्लीतील पहिलेच घर. दार उघडे, अंगणात प्लास्टिकचा कागद पसरलेला, चुलीवर पातेले रटरटत, आणि एक बाई सोऱ्या हाती घेऊन कुरडया घालीत होती. नाव पुष्पलता. शर्वरीबाईंनी नमस्कार करोन सांगितले, "ताई, एक पाहणी आहे. तुमचा दिवस कसा जातो ते विचारायचं आहे. थोडा वेळ द्याल?" पुष्पलताबाईंनी मान देखील वळविली नाही. "वेळ? आत्ता? बाई, चीक गार होतोय. गार झाला की सोऱ्यातनं उतरत नाही. उद्या या." "उद्या असेल वेळ?" "उद्या पापड." मग शर्वरीबाईंनी टॅब चपलांपाशी ठेविला, रेवाराजे यांस सावलीत बसवोन पिठाचा गोळा खेळावयास दिला, हात धुतले, पदर खोचला आणि म्हणाल्या, "द्या इकडे सोऱ्या. तुम्ही भरा, मी दाबते." पुष्पलताबाईंनी प्रथमच वर पाहिले. "जमेल? परदेशातनं आलीस म्हणतात ना तू?" "जमेल. तुम्ही सांगत राहा. किती वाजता उठलात आज?" "गहू वाटायचे होते, मग किती वाजता उठणार? कोंबड्याच्या आधी. घाई करू नको, वेटोळं तुटतंय बघ तुझं. हां, असं. तर उठले, चूल पेटवली, सासऱ्यांना गोळी दिली..." आणि ऐसे सांगता सांगता ऊन चढले, आणि पुष्पलताबाईंचा दिवस आरंभापासोन उलगडत गेला, आणि कागदभर कुरडया जाहल्या. शेवटचा घाणा सरला तेव्हा शर्वरीबाईंनी हात पुसोन टॅब उचलिला आणि जुना प्रश्न, तोलोन पाहावा म्हणोन, मुद्दाम विचारिला, "आणि ताई, तुम्ही काम करता का काही?" पुष्पलताबाईंनी त्यांच्याकडे ऐसे पाहिले की जणू यांस ऊन लागले असावे. "इतका वेळ सोऱ्या काय भूत भरत होतं?" म्हणाल्या, आणि पाणी आणावयास आत गेल्या. बाईंनी ते उत्तर शब्दशः लिहोन घेतले.

सारांश इतका की, शर्वरीबाईंनी विद्यादरबारातील आपली जागा राखिली, तिसरा रकाना खोडोन नवा आखावयास घेतला, आणि पहिल्या दारी एक उत्तर व कागदभर कुरडया जमेस धरिल्या. दारे अजून बहुत आहेत. उन्हे डोक्यावर आली, रेवाराजे यांस भूक लागली, सबब त्या दिवशीची मोहीम येथे थांबविली. शुभं भवतु.